कुठली ओळ, एवढं सांग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, जिला माझ्या लग्नाआधीच्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत त्या मैत्रिणीलाही नाही. आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्याला तर — पण त्याच्यापर्यंत यायला मला जरा वेळ लागेल. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. म्हणूनच कदाचित जीभ उचलते आहे.

मी देवासची. बाबा महाराष्ट्रातून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथेच राहिले. मी प्रोग्रामर आहे. इंदूर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत काम करते, आणि तिथे माझं एका गोष्टीसाठी नाव आहे. बाहेरच्या लोकांनी भरून पाठवलेल्या फाइली आमचे प्रोग्राम वाचतात. वाचता वाचता एखादा प्रोग्राम अडला, तर त्याने काय बोलावं, हे मी ठरवते. बहुतेक प्रोग्राम अशा वेळी ‘अवैध डेटा’ एवढं म्हणून तोंड मिटतात. माझे तसं करत नाहीत. कितव्या ओळीत अडलं, कुठल्या रकान्यात, तिथे काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय मिळालं, आणि बहुधा काय केलं म्हणजे दुरुस्त होईल — सगळं साध्या शब्दांत सांगतात. आणि चूक फाइलीची की प्रोग्रामची हे नक्की नसेल, तर तेही सांगतात. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे पाठवतात. साहेब म्हणतात, आमच्या मॅडमना समोरच्या माणसाची फार कळकळ आहे.

कळकळ. हा शब्द ऐकला की मी खाली बघते. लोकांना वाटतं, लाजते.

आता श्रीरंगबद्दल. श्रीरंग माझा नवरा. धारचा. त्याच्या घराण्यात जुन्या संस्थानी काळापासून कारकुनी, मास्तरकी चालत आलेली, घरात अजून ‘वन्सं’ आणि ‘भावोजी’ म्हणतात. तो मात्र देवासला त्याच्या मामाच्या बॅटरीच्या दुकानात बसतो. शांत माणूस आहे. गिऱ्हाइकाशी गोड बोलतो, इथल्या बोलीत ‘अरे भिया, बैठो तो सही’ म्हणत चहा मागवतो. पण बिल स्वतः लिहीत नाही. मामेभावाला लिहायला लावतो. घरी गॅसचा नंबर लावायचा असो की मुलीच्या शाळेच्या अर्जावर जन्मतारीख घालायची असो, तो लिहितो, मग माझ्यापुढे धरतो आणि म्हणतो, “तू एकदा बघ ना. माझ्या नजरेचा भरवसा नाही.”

मी बघते. कधीच चुकलेलं नसतं. मी म्हणते, बरोबर आहे. तो म्हणतो, नीट बघितलंस ना? मी पुन्हा बघते.

असा तो जन्मतः नव्हता. हे मला माहीत आहे. मला नाही तर कुणाला असणार?

आमची ओळख कशी झाली, हे तो प्रत्येक लग्नामुंजीत सांगतो. त्याच्या सांगण्यात ती छान गोष्ट आहे. तो एका ट्रस्टमध्ये कामाला होता, तिथे त्याच्या हातून चुका झाल्या, नोकरी गेली, सगळ्यांनी तोंड फिरवलं, आणि देवासची एक मुलगी, जिला त्याच्या चुकांचा सगळ्यांत जास्त त्रास झाला होता, तीच एकटी त्याच्याशी माणसासारखी बोलत राहिली. सासूबाई यावर डोळ्यांना पदर लावतात. म्हणतात, मन मोठं आहे हो हिचं. आणि मी पंगतीत वाढत असते. हातातलं भांडं खाली ठेवून काही बोलावं, असं किती वेळा वाटलं असेल? पण कुठून सुरू करू? गोष्टीतली सगळी माणसं खरी आहेत. फक्त —

थांबा. क्रमाने सांगते.

तो ट्रस्ट धार जिल्ह्यातल्या गावांमध्ये शाळकरी मुलांचं रक्त तपासत असे. त्या भागात सिकलसेल आहे. रक्ताचा आजार, आईबापांकडून येतो, अंग ठणकून मूल तळमळतं. वेळेवर कळलं तर गोळ्या सुरू करता येतात, काय जपायचं ते घरच्यांना सांगता येतं. एक केंद्र सरदारपूरला होतं, एक खाली दक्षिणेला डहीला. केंद्रावरचा माणूस मुलाचं नाव, पत्ता, वय, तपासणीचा निकाल कंप्युटरवर भरून फाइल पाठवायचा. ती फाइल आमच्या देवासच्या ऑफिसातला प्रोग्राम वाचायचा आणि कुठल्या मुलाला बोलवायचं, ते धारच्या डॉक्टर मॅडमना कळवायचा. फाइलीत एक जरी ओळ चुकली तरी अख्खी फाइल परत करायची, असा नियम होता. औषधाचा मामला, अर्धवट माहिती नको म्हणून.

तो वाचणारा प्रोग्राम मी लिहिला. नोकरीला नवीन होते. आमच्यातले एक सीनियर म्हणाले होते, फाइल वाचायचं तयार साधन मिळतं, तेच वापर, लोकांनी वर्षानुवर्षं घासून पक्कं केलेलं असतं. मी हसले. म्हटलं, एवढ्याशा कामाला ते कशाला, मी स्वतः लिहिते, हलकं होईल. चारचौघांत म्हटलं. त्यांच्या तोंडावर हसले, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या हसण्यामुळे झालं.

माझं वाचणं सोपं होतं. ओळीत स्वल्पविराम आला की रकाना संपला. नाव, स्वल्पविराम, पत्ता, स्वल्पविराम, वय. देवासला बसून मी तपासणीसाठी जे पत्ते घातले होते त्यांत पत्त्याच्या मध्ये स्वल्पविराम नव्हताच. सरदारपूरच्या फाइलींतही नसायचा. पण डहीकडे गाव एका जागी नसतं. टेकड्यांवर पसरलेल्या वाड्या असतात, त्यांना फलिया म्हणतात. फलिया सांगितल्याशिवाय मूल सापडायचं नाही. म्हणून डहीचा माणूस लिहायचा — पटेल फलिया, डही. अगदी बरोबर लिहायचा. आणि माझा प्रोग्राम त्या स्वल्पविरामावर पत्त्याचे दोन तुकडे करायचा.

तेव्हाही मी अडल्यावरचा संदेश चांगलाच लिहिला होता. हौस होती ना. डहीची पहिली फाइल आली आणि माझ्या पडद्यावर ओळीच्या नंबरासकट उमटलं : ‘आयु के स्थान पर संख्या चाहिए थी, मिला : डही’.

मला लगेच कळलं. एक क्षणही लागला नाही. वयाच्या जागी गावाचं नाव आलं म्हणजे सगळे रकाने एकेक घर सरकले, म्हणजे स्वल्पविराम, म्हणजे मी.

दुपारची वेळ होती. ते सीनियर दोन टेबलांपलीकडे डबा खात होते. दुरुस्ती लहान होती. पण प्रोग्रामात काहीही बदललं की ते त्यांना दाखवावं लागे. त्यांनी बघितलं असतं आणि — काय केलं असतं? ओरडले नसते. ‘बघ, म्हटलं होतं ना’ एवढं म्हणाले असते. तेवढंच.

फाइल परत करताना डहीला जाणाऱ्या संदेशाचे शब्द मात्र वेगळ्या फाइलीत होते. ते बदलायला कुणाला विचारावं लागत नसे.

मी शब्द बदलले. ओळ काढली, रकाना काढला, ‘मिला : डही’ काढलं. त्या जागी लिहिलं : ‘फ़ाइल का डेटा अमान्य है। कृपया सुधारकर पुनः भेजें।’ वाक्य व्याकरणशुद्ध होतं. कृपया होतं त्यात. आणि ते वाचणाऱ्याला वाटणार होतं की सुधारण्यासारखं काहीतरी त्याच्याकडे आहे.

मी म्हणाले स्वतःला, पुढच्या बदलात गुपचूप दुरुस्त करून टाकू. पुढचा बदल लांबला.

डहीचा माणूस म्हणजे श्रीरंग. तेव्हा मी त्याला फोनवरच्या आवाजाने ओळखत होते. तो फाइल पाठवायचा, ती परत यायची. तो सगळी पुन्हा टाइप करायचा, पाठवायचा, परत यायची. मराठी आहे हे कळल्यावर तो माझ्याशी मराठीत बोलायला लागला, धारच्या लोकांचं ते आपलं अर्धं हिंदी मराठी. एकदा म्हणाला, “ताई, मी सगळं चेक केलं, हर एक ओळ. मला काही दिसत नाही. कुठली ओळ, एवढं सांगशील का? बाकी मी बघून घेईन.”

मी म्हणाले, “प्रोग्रामला ते कळत नाही हो.”

हे ते वाक्य. आवाज न चढवता, समजावणीच्या सुरात. तो म्हणाला, अच्छा, अच्छा, सॉरी. आणि पुन्हा टाइप करायला बसला असणार.

याहून वाईट मी पुढे केलं. पण रात्री उठून बसते ती याच वाक्याने. त्याने फार थोडं मागितलं होतं.

फाइली साचत गेल्या. सरदारपूरच्या जात होत्या, डहीच्या अडत होत्या, म्हणून सगळ्यांनी एकच अर्थ काढला. त्या अडलेल्या फाइलींत एका मुलीचं नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही, मला तो हक्क नाही. तिचा निकाल वाईट होता आणि तो डॉक्टर मॅडमपर्यंत पोचलाच नाही. तिला ताप भरला, मग सांधे धरले, घरच्यांनी आधी झाडपाला केला, मग मोठ्या दवाखान्यात नेलं. वाचली. पण कमरेत अधू झाली, पाय ओढत चालते. वेळेवर कळलं असतं तर हे टळलं असतं का? डॉक्टर मॅडम म्हणाल्या, सांगता येत नाही. मी तर मुळीच सांगू शकत नाही.

तिचा बाप डहीच्या केंद्रावर आला होता. भांडला नाही. त्याने एवढंच विचारलं, की कागद भरायचं काम कुणाचं. श्रीरंगने सांगितलं, माझं. तो माणूस त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि मग निघून गेला. लग्नानंतर श्रीरंगने हे मला सांगितलं, आमच्या गच्चीवर, पापड वाळत घालताना. म्हणाला, त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या हातात ओला पापड होता. तो मी नीट पसरला, कडा सरळ केल्या, आणि म्हणाले, जाऊ दे आता.

मग धारला बैठक झाली. डॉक्टर मॅडम, ट्रस्टचे दोघं, आमचे साहेब, मी, आणि समोर श्रीरंग. त्याला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, बाह्यांची बटणं लावलेली. डॉक्टर मॅडम सरळ बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “आपके प्रोग्राम में तो कोई दिक्कत नहीं है ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. तोही. त्याच्या नजरेत संशय नव्हता. खरंच सांगते, कणभरही नव्हता. असता तर मी कदाचित — नाही. काहीही नाही. तरीही मी तेच बोलले असते.

“नहीं मॅडम,” मी म्हणाले. “डेटा ही गलत आ रहा है.”

त्याने मान हलवली. माझं म्हणणं पटल्यासारखी.

त्याला काढलं. आणि त्याच आठवड्यात ट्रस्टला फाइलीत एक नवा रकाना जोडून हवा होता. ते सीनियर गावी गेले होते, साहेबांनी मलाच करून टाकायला सांगितलं. त्या बदलात मी स्वल्पविरामाची दुरुस्ती मिसळून दिली. डहीला नवा माणूस आला, त्याने पहिली फाइल पाठवली आणि ती सुरळीत गेली. दुसरीही गेली. फलियासकट. मग कुणाच्याच मनात शंका उरली नाही. ट्रस्टच्या नाही, आमच्या साहेबांच्या नाही, श्रीरंगच्या घरच्यांच्या नाही. आणि श्रीरंगच्या स्वतःच्या तर नाहीच. नव्या माणसाकडून होतं आणि आपल्याकडून होत नव्हतं, याचा दुसरा काय अर्थ लावणार होता तो? माझ्या दुरुस्तीने त्याचा उरलासुरला बचावही गेला. दुरुस्ती करताना हे मला कळत होतं का? कळत होतं.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. माफी मागायला. म्हणाला, माझ्यामुळे तुमच्या कामाचा फार खोळंबा झाला. तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, समोर टेकडीवर माताजीच्या दर्शनाला माणसं चढत होती, आणि मला वाटलं, आत्ता. आत्ता सांग. मी म्हणाले, तुम्ही आता काय करणार आहात? तो म्हणाला, बघू. मग मी अधूनमधून विचारपूस करत राहिले. तो मामाकडे देवासला आला. भेटलो. बाबांना धारचं जुनं मराठी घर म्हणून आनंद झाला. मला तो आवडत होता, हेही खरं आहे. अपराधीपणाने जवळ गेले की प्रेमाने, हे मी पुष्कळ चिवडून बघितलं. वेगळं करता येत नाही. लग्नाआधी सांगायचं ठरवलं होतं. साखरपुडा झाला, मग सांगितलं तर लग्न मोडेल. लग्न झालं, मग मुलगी पोटात आली. दर वर्षी सांगण्याची जागा अरुंद होत गेली. आता घरात मी वावरते ती अशी, की कुठल्याही खोलीत गेलं तरी हे तिथे आधीपासून आहे.

आणि कामावर? मी ते सगळे सविस्तर संदेश लिहायला लागले ते त्यानंतर. ओळ सांगा, रकाना सांगा, काय मिळालं ते जसंच्या तसं दाखवा, माणसावर आळ घेऊ नका. जेवढं चांगलं लिहिते तेवढं कौतुक होतं, आणि जेवढं कौतुक होतं तेवढं मागे फिरणं अवघड.

गेल्या हिवाळ्यात धारच्या एका कॉलेजात मला याच विषयावर बोलायला बोलावलं होतं. श्रीरंग सोबत आला, माहेरी जाणाऱ्या पोरीसारखा खूश. पहिल्या रांगेत बसला. माझं बोलणं झाल्यावर प्राचार्यांनी त्यालाही दोन शब्द बोलायला लावले. तो उठला आणि त्या पोरांना हिंदीत म्हणाला, “मैडम ये सब मेरे जैसे लोगों के लिए लिखती हैं. मैं बहुत गलतियाँ करता था.”

पोरं हसली, प्रेमाने. टाळ्या वाजल्या. मग एका मुलीने हात वर करून विचारलं, की गलती आपल्याच कोडमध्ये निघाली तर युजरला काय दाखवायचं?

माइक माझ्या हातात होता. श्रीरंग माझ्याकडे बघत होता, उत्तर ऐकायला, अभिमानाने. मी म्हणाले, सच लिखना चाहिए, कि गलती हमारी है, आपकी फ़ाइल ठीक है.

एवढं मी बोलले. त्याच्या समोर, त्याच्या गावात, त्याच्याकडे बघत. आणि पुढे काही बोलले नाही. टाळ्या वाजवायला सुरुवात त्यानेच केली.

परत येताना गाडी तो चालवत होता. वाटेत टोलच्या आधी विचारलं त्याने, की मी सुट्टे बरोबर मोजलेत ना, एकदा बघ. मी बघितले. बरोबर होते.

चूक माझी होती. त्याची प्रत्येक फाइल बरोबर होती. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

आणि ते मी मराठीत लिहिते आहे. श्रीरंग घरात मराठी बोलतो, पण त्याचं सगळं शिक्षण हिंदीतून झालं. हिंदी पेपर तो शेवटच्या पानापर्यंत वाचतो. मराठी छापील मजकूर समोर आला की दोन ओळींत कंटाळतो आणि माझ्याकडे सरकवतो, म्हणतो, तूच वाचून सांग काय आहे ते. हे मला लिहायला बसण्याआधी माहीत होतं.